पगाराच्या पोटातली शांतता

'पगार झाला का?' हा प्रश्न आपल्याकडे दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घरोघरी विचारला जातो. वेतन हा शब्द संस्कृतातून आला, तनखा फारसीतून आला. पण कचेरीत, कारखान्यात आणि धुण्याभांड्याच्या कामातही रुळला तो पगारच. हा शब्द आपल्याला दिला पोर्तुगीजांनी. त्यांनी 1510 मध्ये गोवा घेतलं, आणि 1534 पासून थेट 1739 पर्यंत वसईही त्यांच्या ताब्यात होती. या सहवासात चावी, पाव, घमेलं असे कितीतरी शब्द मराठीत आले. पोर्तुगीज भाषेत 'पागार' हे क्रियापद आहे. त्याचा अर्थ पैसे देणं, देणं चुकतं करणं. आपण त्याचं नाम केलं, आणि मग पगारी, बिनपगारी, पगारवाढ अशी त्याची मराठी पिल्लावळही वाढली.

पण आज मला सांगायची आहे ती या शब्दाच्या माहेरची गोष्ट. पोर्तुगीज ही लॅटिन भाषेची लेक. स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन आणि रुमानियन या तिच्या सख्ख्या बहिणी. एका आईच्या लेकी वेगवेगळ्या घरी नांदल्या की एकच दागिना प्रत्येकीकडे वेगळ्या घडणीचा होतो, तसं शब्दांचं होतं. आपल्याला हे नवं नाही. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, आणि मराठीत शिक्षा म्हणजे काय, हे शाळेत गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे! दोन्हीकडचा शब्द एकच, संस्कृतातला.

'पागार'चं मूळ आहे लॅटिनमधलं 'पाकारे' हे क्रियापद. आणि त्याचा पैशाशी काडीचाही संबंध नव्हता. 'पाक्स' म्हणजे शांतता, तह. आणि 'पाकारे' म्हणजे शांत करणं. या पाक्सच्या मुळाशी 'घट्ट बसवणं, बांधणं' ही कल्पना आहे. करार म्हणजे तरी काय, दोन पक्षांना बांधणारी गोष्ट. संस्कृतातला 'पाश' हाही याच जुन्या कुळातला मानतात.

रोमन लोक हे क्रियापद कसं वापरत? ज्युलियस सीझरने गॉल प्रांतावरच्या, म्हणजे आजच्या फ्रान्स आणि आसपासच्या प्रदेशातल्या, आपल्या मोहिमांचा वृत्तांत लिहून ठेवला आहे. या मोहिमा इ. स. पूर्व 58 मध्ये सुरू झाल्या. एखाद्या टोळीला नमवलं, की सीझर तो प्रदेश 'शांत केला' असं लिहितो आणि त्यासाठी पाकारे हेच क्रियापद वापरतो. म्हणजे इथे शांत करणारा बलवान आहे, त्याच्या हाती तलवार आहे, आणि शांत होणारा हरलेला आहे.

मग यात पैसा शिरला कसा? रोमन लोक कर्जफेडीला 'सोल्व्हेरे' म्हणत. त्याचा मूळ अर्थ सोडवणं, गाठ सुटी करणं. आपण गहाण 'सोडवतो' ना, तसंच. पण पुढे बोलीभाषेत पाकारे या क्रियापदाला 'समाधान करणं' अशी सौम्य छटा आली. दाराशी धरणं धरून बसलेल्या सावकाराला शांत कसं करायचं? गोड बोलून तो एखादा महिना थांबेल. खरा शांत होईल तो पैसे हातात पडल्यावरच. हळूहळू 'धनकोला शांत करणं' यातला धनको वेगळा सांगायची गरज उरली नाही. शांत करणं म्हणजेच पैसे देणं झालं.

हा बदल एका रात्रीत झाला नाही. दोन्ही अर्थ बराच काळ शेजारी शेजारी नांदत होते. सन 1200 च्या सुमाराचं मानलं जाणारं स्पॅनिश भाषेतलं वीरकाव्य म्हणजे 'सीदचं गीत'. त्यात 'पागादो' हा शब्द संतुष्ट, खूश या अर्थाने भेटतो. आजच्या स्पॅनिशमध्ये त्याच शब्दाचा सरळ अर्थ आहे, पैसे चुकते झालेला.

आता एकेका बहिणीच्या घरी डोकावू या.

इटालियनमध्ये 'पागारे' म्हणजे पैसे देणं. पण जुना अर्थही तिने टाकला नाही. 'पागो' म्हणजे तृप्त, समाधानी. आणि 'आपागारे' म्हणजे इच्छा पुरी करणं, तृप्त करणं.

फ्रेंचमध्ये उच्चार फार झिजला. दोन स्वरांमधल्या 'क'चा स्पॅनिश-पोर्तुगीजमध्ये 'ग' झाला, फ्रेंचमध्ये तो पार विरघळला आणि पाकारेचं 'पेये' झालं. आपल्याकडे 'सूची'ची 'सुई' होताना मधला 'च' असाच गळाला. 'पेये' म्हणजे पैसे देणं. मनाची समजूत घालणं, शांत करणं यासाठी फ्रेंचांनी शांतता या अर्थाच्या आपल्या शब्दापासून 'आपेझे' असं वेगळं क्रियापद घडवलं. इंग्रजीतला 'पे' फ्रेंचमधूनच आला, आणि मध्ययुगीन इंग्रजीत त्याचा 'खूश करणं' असाही अर्थ होता.

सगळ्यात गमतीची वाट धरली ती स्पॅनिश आणि पोर्तुगीज यांनी. इथेही 'पागार' म्हणजे पैसे देणं. पण त्यालाच 'आ' जोडून झालेला 'आपागार' म्हणजे विझवणं! आधी तहान शमवणं, मग आग शमवणं, मग दिवा विझवणं, आणि आता विजेचं बटण बंद करणं. पोर्तुगीजमध्ये तर फळा पुसणं आणि संगणकातला मजकूर काढून टाकणं हेही आपागारच. 28 एप्रिल 2025 रोजी स्पेन आणि पोर्तुगालमध्ये एकाच वेळी वीज गेली, तेव्हा स्पेनमध्ये ज्याच्या त्याच्या तोंडी एकच शब्द होता, 'आपागोन', म्हणजे मोठा अंधार. शांततेच्या कुळात जन्मलेला शब्द हा असा अंधारापर्यंत पोचला.

आपल्याला हे विचित्र वाटायचं कारण नाही. आपणही दिवा 'विझला' म्हणणं टाळतो, समई 'शांत झाली' म्हणतो. भूक शांत होते, तहान शमते, आग शमते. म्हणजे जी वाट लॅटिनच्या लेकींनी धरली, ती मराठीच्याही पायाखालची आहे. फक्त कर्जापर्यंत आपण शांत हा शब्द नेला नाही.

रुमानियनची कथा निराळी. ती बहीण दूर पूर्वेला, स्लाव भाषांच्या शेजारात पडली. पैसे देण्यासाठी तिने स्लाव शेजाऱ्यांचा शब्द घेतला. पाक्सच्या कुळातलं जे क्रियापद तिच्याकडे आहे, 'इम्पाका', त्याचा अर्थ आहे समेट घडवणं. म्हणजे पैशाच्या व्यवहाराने ज्याला स्पर्श केला नाही, असा अर्थ तिथे राहिला.

आता यातून फजिती कशी होते पाहा. एखादा इटालियन माणूस 'मी आपागातो आहे' म्हणाला, तर तो तृप्त आहे. स्पॅनिश माणूस 'मी आपागादो आहे' म्हणाला, तर तो मलूल आहे, विझल्यासारखा झाला आहे. एका अक्षराचा फरक, आणि माणसाची अवस्था उलटी. म्हणूनच बहिणीची भाषा शिकणाऱ्याने परक्या शब्दांपेक्षा ओळखीच्या शब्दांना जास्त जपावं. परका शब्द आपण कोशात पाहतो. ओळखीचा वाटणारा पाहत नाही.

शब्दाचं मूळ म्हणजे त्याचा आजचा अर्थ नव्हे, हे खरं. पगार हातात घेताना कोणी सीझरला आठवत नाही, आठवण्याची गरजही नाही. पण या प्रवासात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. सीझरच्या तोंडी शांत करणारा जेता होता आणि शांत होणारा जित. बाजारात हे पारडं फिरलं. तिथे शांत करायचं आहे ते देणेकऱ्याने, आणि ज्याला शांत करायचं, त्याचा हक्क आधीच सिद्ध झालेला आहे. महिनाभर राबलेला माणूस पहिल्या तारखेला असा हक्कदार असतो. त्याचे कष्ट आधी खर्ची पडलेले असतात, आणि मालक त्याचा ऋणको असतो. पगार म्हणजे कोणी खूश होऊन दिलेली बक्षिसी नव्हे, ते फेडायचं देणं आहे. पगार थकला की घराघरांतून अशांतता का पसरते, हे सांगायला लॅटिन यावं लागत नाही. पण लॅटिन भाषेने ते आपल्या शब्दातच नोंदवून ठेवलं आहे.