विटलेलं कुंकू

बँकेतल्या नोकरीत माझी पस्तीस वर्षं लाल शाईच्या खुणा करण्यात गेली. लाल रंगाच्या बाबतीत आपल्याला कुणी शिकवू नये, असा माझा समज होता. गेल्या संक्रांतीला हळदीकुंकवाची तयारी करताना अठ्ठावीस वर्षांची पुतणी म्हणाली, "काका, हे कुंकू विटकं आहे का हो?" कुंकू चांगलं लालभडक होतं. मी हसून म्हटलं, "अगं, चष्म्याचा नंबर बदलला असेल."

नवा चष्मा आला, फरक काही पडला नाही. डावा डोळा धूसर होत गेला, हलवला की आत ठणकू लागला. माझ्या शहाणपणापायी आठ दिवस फुकट गेले.

नेत्रतज्ज्ञांनी एकेक डोळा झाकून तिला लाल टोपण दाखवलं. उजव्या डोळ्याला ते लाल दिसलं, डाव्याला फिकट. मग थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या आणि आत पाहिलं. डोळ्यातलं चित्र मेंदूकडे नेणाऱ्या दहा-बारा लाख तंतूंच्या जुडीचं, म्हणजे दृष्टिमज्जातंतूचं, टोक सुजलं होतं.

पण सूज हे लक्षण, कारणं निरनिराळी. तरुणपणी बहुधा शरीराची संरक्षक यंत्रणाच मज्जातंतूच्या वेष्टणावर उलटते. कधी ती मल्टिपल स्क्लेरोसिसची पहिली खूण असते, म्हणून एमआरआय करतात. कवटीतला दाब वाढला तर बहुधा दोन्ही डोळ्यांत सूज येते. डोकं दुखतं, वाकलं की क्षणभर अंधारी येते. त्यामागे गाठ किंवा शिरेतली गुठळी असू शकते. तसं काही नसेल, तर स्थूल तरुण स्त्रियांत वजन घटवणं आणि अॅसिटाझोलामाइड हे उपचार असतात. आमच्या वयात मात्र कानशील दुखणं, घास चावताना जबडा भरून येणं आणि नजर जाणं, हे एकत्र आलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. रक्तवाहिनीच्या दाहात स्टिरॉइडला उशीर झाला, तर दुसरा डोळाही जाऊ शकतो.

पुतणीला शिरेतून स्टिरॉइड दिलं. अमेरिकेत ४५७ रुग्णांवर झालेल्या आणि १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं, की त्याने नजर लवकर परतते. शेवटी येणारी नजर मात्र जवळजवळ तेवढीच असते. नेहमीच्या मात्रेतल्या नुसत्या गोळ्यांनी तर दुखणं पुन्हा उलटण्याचं प्रमाण वाढलं. म्हणून शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर गोळ्या आणू नयेत.

खतावणीत फरक आला, तर तो कुठून आला हे आधी शोधायचं, मगच नोंद फिरवायची, हे मी बँकेत शिकलो होतो. घरात विसरलो.

पुतणी आता बारीक अक्षर वाचते. यंदा कुंकवाचा करंडा उघडून, उजवा डोळा झाकून ती म्हणाली, "काका, अजून किंचित फिकंच दिसतं." या वेळी मी हसलो नाही.