अस्सल दिव्याची पारख

जुन्या वस्तूंचा छंद धरणाऱ्या मनुष्यास नीरक्षीरविवेक साधला नाहीं, तर त्याचा छंद हेंच त्याच्या फसवणुकीचें साधन बनतें. नाणीं, पोथ्या, चित्रें यांच्या बाबतींत हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु मोटारीच्या पुढच्या दिव्यांसहि तोच न्याय लागू पडतो, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. म्हणून होंडा कंपनीच्या ‘इंटेग्रा’ या जपानी वेगवान मोटारीचें उदाहरण घेऊन हा विषय वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

इंटेग्राची तिसरी पिढी जपानांत १९९३ सालीं विक्रीस आली. तिच्या तोंडावर प्रत्येक बाजूस दोन, असे चार लहान वाटोळे दिवे होते. हें रूप जपानी गिऱ्हाइकांस फारसें रुचलें नाहीं. तेव्हां १९९५ सालीं कंपनीनें तेथील गाड्यांस प्रत्येक बाजूस एकच लांबट, आडवा, अखंड दिवा बसविला. आणि त्याच वर्षीं निघालेली ‘टाइप आर’ ही नामांकित गाडी जपानांत या लांबट दिव्यांनिशींच अवतरली. उलटपक्षीं अमेरिका, इंग्लंड इत्यादि देशांस गेलेल्या गाड्यांचे चार वाटोळे डोळे शेवटपर्यंत कायम राहिले. म्हणजे दोन्ही रूपें कारखान्याचींच. अमुक गाडीवर कोणतें रूप खरें, हा प्रश्न ती गाडी कोणत्या देशासाठीं घडविली हें ठरल्यावांचून सुटत नाहीं.

म्हणून पारख दिव्यापासून नव्हे, गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या क्रमांकापासून सुरू करावी. जपानांत विकलेल्या टाइप आर गाडीचा क्रमांक आंखूड असतो. तीन दारांच्या गाडीस ‘डीसी२’ व चार दारांच्या गाडीस ‘डीबी८’ हीं अक्षरें, मग एक आडवी रेघ व पुढें आंकडे. परदेशीं पाठविलेल्या गाडीचा क्रमांक मात्र सतरा अक्षर-अंकांचा असून त्याचा आरंभ ‘जेएचएम’ असा, किंवा अमेरिकेंत ‘अ‍ॅक्युरा’ या नांवानें विकलेल्या गाडीवर ‘जेएच४’ असा होतो. सतरा अंकी क्रमांक आणि लांबट दिवे अशी जोडी दिसली, कीं तोंड मागाहून बदललें आहे असें खुशाल समजावें. हा बदल नुसत्या दिव्यांचा नसतो. बॉनेट, दोन्ही मडगार्ड व बंपर हेंहि सारें त्याबरोबर बदलावें लागतें. जपानी तोंडाची हौस अमेरिकेंत मोठी; त्यामुळें जपानांतील मोडीच्या गाड्यांचे दिवे तिकडे जाऊं लागले, आणि ते अपुरे पडतांच नकलाहि निघाल्या.

आतां प्रत्यक्ष दिव्याकडे वळूं. जपानी मोटारींस दिवे पुरविणारे जुने कारखाने थोडे आहेत: १९१५ सालीं स्थापन झालेला कोइतो, १९२० सालचा स्टॅन्ली व तिसरा इचिको. अस्सल दिव्याच्या भिंगावर वा पाठीवर अशा कर्त्याचें नांव स्वच्छ उठविलेलें असतें. केवळ चिकटविलेल्या कागदावर विसंबूं नये. खोका अस्सल आणि आंतला माल नकली, असाहि प्रकार घडूं शकतो.

दुसरी खूण संमतिचिन्हांची. ‘डीओटी’ हीं अक्षरें अमेरिकेच्या नियमांचीं द्योतक. मात्र तीं कर्ता स्वतःच्या जबाबदारीवर घालतो, सरकार प्रत्येक दिवा तपासून देत नाहीं. म्हणून या अक्षरांनीं दिवा कारखान्याचा ठरत नाहीं. उलट ‘खास जपानी’ म्हणून पुढें केलेल्या दिव्यावर तीं दिसल्यास शंकाच घ्यावी. वर्तुळांतील ‘ई’ अक्षर व त्यापुढील अंक हें युरोपीय पद्धतीचें चिन्ह. त्यांत ४३ हा अंक जपानचा. परंतु जपान त्या करारांत १९९८ सालीं सामील झाला. तेव्हां ‘१९९६ सालचा मूळ दिवा’ म्हणून दाखविलेल्या वस्तूवर ‘ई ४३’ असेल, तर ती त्या सालची असूं शकत नाहीं, हें उघड आहे.

तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची, ती प्रकाशाची. जपान, इंग्लंड व आपला देश येथें वाहनें रस्त्याच्या डाव्या बाजूनें चालतात. तेथील मंद झोताची कड उजवीकडे सपाट व खालीं राहून डावीकडे वर चढते. त्यामुळें आपल्या बाजूची कड उजळते आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपत नाहींत. अमेरिकेच्या दिव्यांत ही रचना नेमकी उलट. सपाट जमिनीवर भिंतीपासून पंचवीस फुटांवर गाडी उभी करून अंधारांत झोत पाहिला, तर हा भेद ध्यानांत येतो. युरोपीय चिन्हाच्या दिव्यांवर तर डाव्या बाजूच्या वाहतुकीसाठीं बाणहि काढलेला असतो.

इंग्लंडांत राहणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची गोष्ट येथें बोधप्रद होईल. त्याच्या इंटेग्राचा एक वाटोळा दिवा फुटला. विक्रेत्यानें ‘शंभर टक्के कारखान्याचा’ म्हणून जोडी पाठविली, आणि ती खरोखरच कारखान्याची होती. परंतु अमेरिकेसाठीं घडविलेली! वार्षिक तपासणींत गाडी नापास झाली, पैसे गेले, आणि तोंवर कित्येक रात्रीं समोरच्यांचे डोळे दिपले, तें निराळेंच. विक्रेता अक्षरशः खोटें बोलला नव्हता. पण अर्धें सत्य सांगून त्यानें पुरतें नुकसान केलें.

यावरून दोन भेद मनांत ठेवावे. अस्सल आणि योग्य हे शब्द समानार्थी नव्हेत. वस्तु अस्सल असूनहि अस्थानीं असूं शकते. तसेंच दुसऱ्या कारखान्याचा दिवा वापरणें हा कांहीं दोष नव्हे. तो नीट झोत देत असेल व त्याच नांवानें, त्याच भावानें विकला जात असेल, तर त्यांत लबाडी नाहीं. लबाडी आहे ती नकलेस मूळ म्हणून मूळची किंमत घेण्यांत. म्हणून घेणाऱ्यानें आधीं गाडीचा क्रमांक, मग कर्त्याचें नांव, मग चिन्हें आणि शेवटीं झोत, या क्रमानें परीक्षा करावी. छंद कितीहि प्रिय असो, रात्रीं रस्त्यावर समोरून येणाऱ्या अनोळखी मनुष्याची सुरक्षितता त्याहून मोलाची आहे.