संत्र्याचे टार्ट : साखर घरची, संत्रेही घरचे

— ऊस विकास विभाग



या पानावर लागण, खोडवा, पाचट आणि हुमणी यांची माहिती वाचण्याची आपल्याला सवय आहे. तेथे एकदम विलायती पक्वान्न कोठून आले, असे कोणीही विचारील. कारण साधे आहे. नागपूर जिल्ह्यातील आपल्या कित्येक सभासदांच्या घरी एका तुकड्यात ऊस आहे आणि दुसऱ्या तुकड्यात, नाहीतर सासरच्या-माहेरच्या शेतात, संत्र्याची बाग आहे. उसाला कारखान्याचे दार आहे. तोडणीची चिठ्ठी मिळते, काट्यावर वजन होते, थोडे मागेपुढे का होईना पण बिल निघते. संत्र्याला असे दार नाही. मोठा, चकचकीत माल कळमन्याच्या बाजारात जातो. बारीक आणि डागी माल मात्र घरीच परत येतो.

आंबिया बहाराची तोड साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणजे इकडे बॉयलर पेटतो तेव्हाच तिकडे बागेत फळ पिकते. मृग बहाराचा माल फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतो, तेव्हा गाळप संपत आलेले असते. गटात फिरताना एका वहिनींनी आम्हाला या बारीक मालाची कथा दोन वाक्यांत सांगितली : "साहेब, क्रेट घरी आला की पहिल्या दिवशी सगळ्यांले कौतुक. चौथ्या दिवशी तोच संत्रा ढोरांपुढे."

बांगलादेश हे नागपुरी संत्र्याचे मोठे गिऱ्हाईक. त्या देशाने २०१९ नंतर आयातशुल्क टप्प्याटप्प्याने वाढवले, तेव्हा बागाईतदारांना त्याची झळ बसली. तो प्रश्न एका टार्टने सुटणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. परंतु घरात आलेल्या चार किलो फळाचे चांगले चीज कसे करावे, एवढे तरी आपल्या हातात आहे. ते सांगण्यासाठी हा लेख.

रस कडू का होतो?

पुष्कळ घरांत संत्र्याचा रस काढून ठेवतात आणि संध्याकाळी तो कडू लागतो. मग दोष फळाला देतात. खरा प्रकार निराळा आहे. संत्र्याच्या पांढऱ्या सालीत, फोडीच्या पापुद्र्यात आणि विशेषतः बियांत एक द्रव्य असते. फळ अखंड असते तोपर्यंत त्याला चव नसते. फळ पिळले की ते रसातील आंबटपणाच्या सान्निध्यात येते आणि काही तासांत त्याचे लिमोनीन बनते. हे लिमोनीन अतिशय कडू. रस तापवला तर हेच काम आणखी लवकर होते. कच्च्या फळात हे द्रव्य जास्त असते आणि फळ पिकत जाते तसे ते कमी होते. नागपुरी संत्र्याच्या प्रक्रिया उद्योगापुढची ही एक मोठी अडचण आहे. नागपुरात १९८५ पासून लिंबूवर्गीय फळांची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, आणि २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण रसाचा हा स्वभाव काही बदलला नाही.

ऊस उत्पादकाला हे समजावून सांगण्याची गरजच नाही. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की त्यातील साखर फुटते, वजन घटते आणि उतारा जातो. म्हणून "तोडला की गाळा" असे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. संत्र्याचाही नियम तोच : पिळला की वापरा. उसाला उशीर झाला तर गोडी जाते, संत्र्याला उशीर झाला तर कडूपणा येतो.

यावरून तीन गोष्टी पाळाव्यात. फळ पूर्ण पिकलेले घ्यावे. रस मिक्सरमधून काढू नये, कारण बिया आणि पापुद्रे भरडले जातात. बिया काढून फोडी पुरणाच्या चाळणीवर हाताने दाबाव्यात. आणि बाकी सर्व तयारी झाल्यावरच रस काढावा.

कर्ड म्हणजे दही नव्हे

टार्ट म्हणजे खुसखुशीत पिठाची उथळ वाटी आणि तिच्यात भरलेले गोड-आंबट सारण. या सारणाला इंग्रजीत 'कर्ड' म्हणतात. पण त्यात दही नसते. फळाचा रस, साखर, अंडी आणि लोणी मंद आचेवर घोटून केलेला तो दाट, चकाकणारा लगदा. इंग्लंडात तो लिंबाचा करीत. अमेरिकेत फ्लोरिडाच्या दक्षिणेकडील बेटांवर ताज्या दुधाची टंचाई होती, तेव्हा तेथील बायकांनी डब्यातील आटवलेले गोड दूध आणि तिथले बारीक लिंबू यांचे असेच सारण केले. ज्या गावात जे पिकते आणि ज्या घरात जे असते, त्यावर हा पदार्थ बदलत गेला. मग नागपुरात तो संत्र्याचा का होऊ नये? संत्रा बर्फी आपण गावोगाव भेट म्हणून नेतो, संत्र्याची बासुंदी पंगतीत वाढतो. टार्ट हे त्यांचेच धाकटे भावंड समजावे.

साहित्य (८ तुकड्यांसाठी)

*वाटीसाठी :* मैदा १५० ग्रॅम, घट्ट साजूक तूप ८० ग्रॅम, पिठीसाखर ५० ग्रॅम, चिमूटभर मीठ, गार दूध २-३ चमचे.

*सारणासाठी :* संत्र्याचा ताजा रस २०० मिलिलिटर (बारीक फळे ५-६), लिंबाचा रस ३ मोठे चमचे, साखर १२५ ग्रॅम, अंडी २ व शिवाय ३ अंड्यांचा पिवळा बलक, कॉर्नफ्लोअर दीड मोठा चमचा, लोणी ७५ ग्रॅम, २ संत्र्यांच्या सालीचा कीस.

सालीचा कीस फक्त वरच्या नारिंगी थराचा घ्यावा. संत्र्याचा सुवास तेथल्या तेलात असतो. पांढरे लागले की कडूपणा आलाच. लिंबू मात्र टाळू नये. आपले संत्रे खाण्यासाठी गोड, पण साखरेत घातले की त्याचा आंबटपणा कमी पडतो आणि सारण नुसते गुळमट लागते.

सभासद साखर एस-३० असो वा एम-३०, सारणात दोन्ही चालतात, कारण रसात दाणा विरघळतो. वाटीच्या पिठात मात्र साखर दळूनच घालावी. दाणा राहिला तर भाजताना तो जागोजाग वितळतो आणि वाटीवर काळपट ठिपके पडतात.

कृती

१. ज्यांना नानकटाई येते त्यांना टार्टची वाटी आली असे समजावे. फक्त सोडा घालायचा नाही. तूप आणि पिठीसाखर फेसावी, त्यात मैदा व मीठ मिसळावे आणि दुधाच्या हाताने गोळा करावा. फार मळू नये, मळल्यास वाटी चिवट होते. २०-२२ सेंटिमीटरच्या काठाच्या थाळीत गोळा बोटांनी सारखा थापून काठावर चढवावा, काट्याने टोचे मारावेत आणि अर्धा तास गार जागी ठेवावा.

२. वर कागद घालून त्यावर मूठ-दोन मूठ हरभरे पसरावेत, म्हणजे पीठ फुगत नाही. ओव्हन १७० अंशांवर तापवून १५ मिनिटे भाजावे. मग कागद व हरभरे काढून वाटी बदामी होईपर्यंत आणखी १० मिनिटे भाजावे.

३. वाटी भाजत असताना सारण करावे. भांडे जाड बुडाचे स्टीलचे घ्यावे. बिनकल्हईचे पितळ किंवा साधे ॲल्युमिनियम घेऊ नये, आंबटाने त्याची चव उतरते. साखर व कॉर्नफ्लोअर कोरडेच मिसळावे, त्यात अंडी व बलक घालून लगेच फेटावे. बलकावर साखर टाकून तसेच ठेवले तर गुठळ्या होतात. मग दोन्ही रस व कीस घालावा.

४. आच मंद ठेवून सतत घोटावे. हात थांबला की बुडाशी अंड्याचे आमलेट झालेच म्हणून समजा! ८-१० मिनिटांत मिश्रण दाटते. पहिले एक-दोन बुडबुडे दिसताच भांडे उतरवावे, गाळणीतून गाळावे आणि गरम असतानाच लोण्याचे तुकडे घालून घोटावे.

५. सारण वाटीत ओतून पुन्हा १० मिनिटे ओव्हनमध्ये ठेवावे. हलवल्यावर मधोमध किंचित थरथरले तरी चालेल, गार झाल्यावर ते बसते. कापण्यापूर्वी किमान ३ तास गार होऊ द्यावे. येथे घाई केली तर टार्ट चमच्याने खावे लागते.

ज्यांच्या घरी अंडे चालत नाही

आपल्या सभासदांत माळकरी घरे पुष्कळ आहेत. त्यांनी पान उलटू नये. दुकानात मिळणारी पिवळी कस्टर्ड पावडर अशाच अडचणीतून जन्मली. इंग्लंडातील बर्मिंगहॅमचे रसायनतज्ज्ञ अल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडे सोसत नव्हते. त्यांच्यासाठी बर्ड यांनी १८३७ मध्ये बिनअंड्याची पावडर तयार केली. साध्या पावडरीत मुख्य माल मक्याचे पीठ, म्हणजे स्टार्चच असतो.

बिनअंड्याच्या सारणासाठी संत्र्याचा रस २५० मिलिलिटर, साखर १२५ ग्रॅम आणि कस्टर्ड पावडर ४ मोठे चमचे गारच मिसळून मंद आचेवर दाट होईपर्यंत शिजवावे. उतरवल्यावर ५० ग्रॅम लोणी, कीस आणि ३ चमचे लिंबाचा रस घालावा. लिंबू शेवटीच घालावे, कारण आंबटात फार वेळ शिजले तर मक्याच्या पिठाचा दाटपणा सुटतो. हे सारण पूर्ण भाजलेल्या वाटीत ओतून नुसते गार करावे, पुन्हा भाजू नये. यात दूध घालण्याचा मोह टाळावा. गरम दुधात संत्रे पडले की दूध फाटते. बासुंदी गार झाल्यावरच तिच्यात संत्रे घालतात ते याचसाठी.

ओव्हन नसला तर

जुनी जाड डेगची चुलीवर किंवा गॅसवर ठेवावी. तळाशी बोटभर चाळलेली कोरडी वाळू किंवा जाडे मीठ पसरून त्यावर तिवई ठेवावी, झाकण लावून १५ मिनिटे तापवावे. मग थाळी आत ठेवून मंद आचेवर वाटी भाजावी. ३५-४० मिनिटे लागतात. चूल असेल तर झाकणावर चार निखारे ठेवावेत, वरून रंग चांगला येतो. झाकण वारंवार उघडू नये. गावात बेकरी असेल तर दिवाळीत नानकटाईचे पत्रे भट्टीवर पाठवतात तशी वाटी भाजून आणावी आणि सारण घरी करावे.

थोडा हिशोब, थोडी काळजी

या टार्टला एकूण १७५ ग्रॅम साखर लागते. १० टक्के उतारा धरला तर हा पावणेदोन किलो ऊस झाला. संत्री बारीक चालतात. त्यांचा बाजारात भाव नसला तरी रसाला उणेपणा नसतो. डागी फळ घेताना डाग सालीपुरता आहे ना, हे सोलून पाहावे. आत सडलेले फळ बिनदिक्कत टाकून द्यावे. साखर घालून सडका माल सुधारत नाही.

अंड्याचे टार्ट फ्रीजमध्ये २-३ दिवस राहते. बाहेर ठेवू नये, आणि मृग बहाराच्या दिवसांत तर नाहीच. नागपूरचे ऊन आपल्याला ठाऊक आहे. कीस मात्र साखरेत चोळून बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवावा, हंगाम संपल्यावरही काही दिवस चहा-शिऱ्याला उपयोगी पडतो. बचत गटातील भगिनींना विक्रीचा विचार असेल तर आधी अन्न सुरक्षा खात्याची नोंदणी करावी आणि ऑर्डर घेऊन त्याच दिवशी माल द्यावा. टिकाऊ मालाची शर्यत मोठ्या कारखान्यांशी आहे, ताज्या मालात मात्र त्यांचा हात आपल्या गावापर्यंत पोचत नाही.

विलायती नावाला बिचकण्याचे कारण नाही. संत्रे हेही मुळात या मातीतले नव्हे. भोसल्यांच्या काळात ते नागपुरात आले असे मानतात, आणि आज गावाची ओळख त्यावरून होते. तेव्हा यंदा बारीक मालाचा क्रेट घरी परत आला की चौथ्या दिवसाची वाट पाहू नये. पहिल्याच दिवशी पाच-सहा फळे बाजूला काढावीत, सभासद साखरेची पिशवी सोडावी आणि डेगची चुलीवर ठेवावी. वाटी कशी भाजली आणि सारण कसे बसले, ते आपल्या गट ऑफिसात येऊन जरूर सांगावे. एखादा तुकडा सोबत आणल्यास आमची हरकत नाही!