जोरात म्हणजे भारी?

‘यार, जरा लाउड कर ना!’ पनवेलमधल्या माझ्या घरी मिक्सिंग करून घ्यायला येणाऱ्या प्रत्येक मित्राची ही ठरलेली फर्माईश. ऑफिस सांभाळून आम्ही सगळे हे उद्योग करतो. परवा एकाचं पहिलंवहिलं गाणं होतं. पगारातून पैसे साठवून पठ्ठ्यानं खराखुरा ढोलकीवाला बोलावलेला. त्याचं म्हणणं एकच, पनवेल लोकलच्या खडखडाटातही गाणं दणदणीत वाजलं पाहिजे!

तसं करता येतं, बॉस. लिमिटर लावायचा, आवाजाची शिखरं दाबायची आणि सगळंच वर ढकलायचं. पण मग ढोलकीची थाप आणि गायकाचा हळुवार सूर एकाच पातळीवर येतात. गाणं नुसतंच अंगावर येतं. मेटॅलिकाच्या २००८च्या ‘डेथ मॅग्नेटिक’ अल्बमवर चाहते भडकले, ते याचमुळे.

आणि एवढं करून हाती काय? ठणठण गोपाळ! कारण आता गाण्यांची मोजणी होते ‘एलयूएफएस’मध्ये. अख्खं गाणं कानाला सरासरी किती मोठं वाटतं, ते हे माप सांगतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं ही मोजणीची पद्धत २००६मध्ये ठरवली. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगवर प्रत्येक गाणं साधारण उणे १४वर आणतं. तुमचं गाणं उणे ८चं असेल, तर ते गुपचूप ६ डेसिबलनं खाली! यूट्यूबही मोठी गाणी उतरवतं. वाढवलेला आवाज गेला, दबलेली थाप मात्र दबलेलीच.

मग करायचं काय? सोप्पं आहे.

• मिक्स करताना स्पीकरचा आवाज एकदाच ठरवा. शेजारच्याशी आरामात बोलता येईल, इतकाच.

• आवडत्या गाण्याशी तुलना करताना दोन्ही गाणी सारख्याच एलयूएफएसवर आणा. जे मोठं, ते कानाला उगाचच चांगलं वाटतं.

• मास्टरचं ‘ट्रू पीक’ उणे १ डेसिबलच्या खाली ठेवा.

• उणे १४ हा काही कायदा नाही. गाणं मागेल तेवढंच वाढवा. ‘यूलीन’सारखा मीटर फुकटात मिळतो.

मित्राला मी दोन्ही व्हर्जन्स सारख्या पातळीवर ऐकवली. त्यानं मोकळी ढोलकी निवडली! आवाज कमी वाटला तर व्हॉल्यूमचं बटण ऐकणाऱ्याच्या हातात असतंच की. दाबलेली थाप मोकळी करणारं बटण मात्र कुठल्याच मोबाइलवर नाही.