कुडाचं घर आणि पक्की भिंत

'घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून' असं आपले वाडवडील सांगून गेले. पण एकदा बांधलेलं घर पुढच्या तीन-चार पिढ्या मोडून-जोडून कशा वापरतात, हे बघायचं तर डहाणू-तलासरीकडच्या वारली पाड्यावर जावं. गेल्या हिवाळ्यात आम्ही काही सभासद तिकडे गेलो होतो. निघालो चिकूच्या वाड्या पाहायला, आणि मन रमलं एका जुन्या घरात. त्याची हकीकत सभासद बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

हे दोन्ही तालुके पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहेत. इकडे पाऊस मुसळधार. जुनं घर या पावसाच्या आणि जंगलाच्या हिशेबानंच बांधलेलं असतं. चौकोनी जागा, लाकडाचे खांब, आणि खांबांच्या मध्ये कूड. कारवीच्या काठ्या शेजारी शेजारी उभ्या बांधायच्या आणि दोन्ही अंगांनी शेण-मातीनं लिंपायच्या, की झाला कूड. छप्पर उतरतं आणि वळचण इतकी खाली की वाकूनच आत शिरावं लागतं. आम्हांला आधी ते अडचणीचं वाटलं. पण वळचण वर घेतली तर पहिल्याच पावसात कुडाची माती वाहून जाईल! आत खिडकी जवळजवळ नाही. गुरांची जागा, कणगी, चूल सगळं एकाच छपराखाली. चुलीचा धूर डोळ्यांना झोंबतो खरा, पण त्याच धुरानं छपराला आणि धान्याला कीड लागत नाही.

या घरावर आजोबांच्या काळी गवत होतं. तेव्हा वारली माणूस सावकाराच्या वेठीत अडकलेला. जमीन आपली नाही, उद्या उठवतील, तिथं पक्कं घर कोण बांधणार? १९४५ साली शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकारानं वेठीविरुद्ध वारल्यांचा लढा उभा राहिला. पुढे कुळकायदा आला. या घरावरचं गवत उतरून कौलं चढली ती त्यानंतर. मग ओटी वाढली, एका बाजूचा कूड काढून विटांची भिंत आली, गोठ्यावर पत्रा पडला. शेजारी आता सरकारी योजनेतलं घरकुल उभं आहे. म्हणजे एका अंगणात तीन काळ नांदताहेत म्हणा ना!

कुडाला आणखी एक मान आहे. लग्नात याच गेरू दिलेल्या भिंतीवर सवासिणी तांदळाच्या पिठानं देवीचा चौक लिहितात. १९७०च्या दशकात ही चित्रं कागदावर उतरली आणि जगभर गेली. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. ज्या चित्रांचं एवढं कौतुक झालं, ती मुळात शेणा-मातीच्या भिंतीवरची.

आता मुद्द्याचं. नोव्हेंबर २०१८ पासून या भागात भूकंपाचे धक्के सुरू झाले. धुंदलवाडीच्या आसपास महिनोन् महिने जमीन हादरत राहिली. फेब्रुवारी २०१९ मधला एक धक्का चार रिश्टरच्या वर गेला. घाबरून घराबाहेर पळताना पडून एक लहानगी दगावली. थंडीच्या दिवसांत लोक तंबूत आणि उघड्यावर झोपले. विटांच्या भिंतींना तडे गेले. कुडाचे पोपडे निघाले, पण कारवी लवली आणि जागेवर राहिली. घरमालकांचं म्हणणं साधं होतं: कूड पडला तर अंगावर माती पडते, विटांची भिंत पडली तर माणूस उठत नाही.

आपण पठारावरची माणसं. आपल्याला हे नवं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत काय झालं ते आठवा. तो धक्का डहाणूच्या धक्क्यांपेक्षा कितीतरी मोठा होता हे खरं. पण हजारो माणसं गेली ती दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचा भार असलेली माळवदं कोसळून. आणि आपल्या फडावरचे ऊसतोड कामगार पाचटाच्या कोपीत राहतात; तिला भूकंपाचं भय नाही, पण आगीचं आणि पावसाचं आहे. प्रत्येक घराचा गुण वेगळा, दोष वेगळा.

म्हणून कुडाच्या घरातच राहा, असं आम्ही म्हणणार नाही. जंगल आटलं, लाकूडतोडीवर बंधनं आली, दरवर्षी लिंपायला हात उरले नाहीत. त्या घरातल्या सुनेला धुराचा कंटाळा आला असेल तर तिचं काय चुकलं? पक्कं घर जरूर व्हावं. पण पक्कं म्हणजे नुसतं जड नव्हे. कुडात काठ्या एकमेकींना बांधलेल्या असतात; तसं विटांच्या भिंतींनाही कुणीतरी बांधून ठेवायला हवं. जोत्यावर, दारा-खिडक्यांच्या माथ्यावर आणि छपराखाली सळईसह काँक्रीटचा सलग पट्टा चारी भिंतींवरून फिरवावा. दगडी भिंत असेल तर दोन्ही बाजू सांधणारे आरपार दगड घालावेत. गवंडी 'कशाला खर्च' म्हणेल, त्याचं ऐकू नये.

आणि जुनं घर पाडण्याआधी एकदा त्यात शांतपणे फिरून यावं. ही वळचण इतकी खाली का, हा खांब इथंच का, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावं. घर पुन्हा बांधता येतं. सांगणारं माणूस गेलं की गेलं.