ऑइलचा लाल दिवा लागला की गाडी तिथेच थांबवा!

मारुती 800 चं उत्पादन 2014 मध्ये थांबलं, पण पंचवटीत ती आजही दिसते. अशा जुन्या गाडीवाल्यांनो, पेठ रोडने सावळघाटाकडे निघण्याआधी डिपस्टिक बघाच.

लाल दिवा ऑइलची पातळी नाही, दाब दाखवतो. चालत्या गाडीत तो लागला म्हणजे क्रँकच्या बेअरिंगपर्यंत ऑइल नीट पोचत नाहीये. 'गॅरेज जवळच आहे' म्हणत गाडी पुढे रेटली की इंजिन जॅम होतं. लगेच बाजूला घ्या, बंद करा.

सपाट जागी पाच-दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून पुन्हा घाला, मग बघा. खाली थेंब पडत असतील तर चेंबर, ड्रेन प्लग, फिल्टर तपासा. गळती नाही पण मागून निळा धूर येतोय? मग रिंगा किंवा व्हॉल्व्ह सीलवर संशय घ्या.

ऑइल भरल्यावर दिवा विझला, तरी खालून जड ठक-ठक येत असेल आणि रेस दिल्यावर वाढत असेल, तर बेअरिंग गेलंय. जाड ऑइल ओतून तो आवाज दाबू नका, रॉड तुटून ब्लॉक फुटू शकतो. टोचन लावून गॅरेजला न्या, चेंबर आपल्यासमोर उघडायला लावा. तळाशी चकाकणारे धातूचे कण सापडले, तर नुसतं ऑइल बदलून भागणार नाही.