शेळीच्या दुधातला कोळ्याचा धागा

कोळ्याचा धागा वजनाच्या मानाने पोलादाहून मजबूत. मग रेशमाच्या किड्यांसारखे कोळी का पाळत नाहीत? एकत्र ठेवले की ते एकमेकांना खातात! मादागास्करमध्ये सुमारे १२ लाख रानकोळी पकडून, धागा काढून सोडून दिले, तेव्हा कुठे एक सोनेरी झगा झाला. २०१२ मध्ये तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात मांडला होता.

त्याआधी कॅनडातल्या नेक्सिया कंपनीने कोळ्याचं जनुक शेळीत घालून दुधातून प्रथिन मिळवलं. धागा मात्र तसा जमेना. प्रोग्रॅमर म्हणून मला इथेच खरी गंमत वाटते. कोड हाती आला, पण तो चालवणारं यंत्र कोळ्याच्या पोटातच राहिलं. तिथल्या बारीक नळीत आम्लता वाढते, पाणी कमी होतं, कोळी धागा ओढतो आणि द्रव घट्ट होतो. तेही साध्या हवामानात. नायलॉन वितळवायला दोनशे अंशांच्या वर तापवावं लागतं.